अहो, फक्त सहा!

सहा! भेकराच्या मादीच्या पेशीत गुणसूत्रं किती, तर सहा! साठ नाही, सोळा नाही. सहा! हे कळल्यापासून मला एका जागी बसवत नाहीये. दूधवाल्याला सांगितलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना सांगितलं. सासूबाईंना सांगितलं, तर त्या कळवळून म्हणाल्या, "अगं बाई, मग तिला काही औषध नाही का?"

औषध कशाला? ती ठणठणीत आहे! तीच तर गंमत आहे!

आधीच सांगून ठेवते, मी कॉमर्सवाली. माझं आयुष्य जीएसटी आणि टीडीएसमध्ये गेलं. विज्ञानाशी शेवटची भेट दहावीत झाली आणि दोघांनीही सुटकेचा निःश्वास टाकला. त्यामुळे जाणकारांनी पुढचं कानावर हात ठेवून वाचावं. पण तुम्ही माझ्यासारखेच असाल, तर या. बसा. नाही, बसू नका, मलाही बसवत नाहीये!

झालं असं की भाची बीएस्सीला आहे, प्राणिशास्त्र घेऊन. तिच्या वहीत एक तक्ता होता. माणूस ४६. गाय ६०. घोडा ६४. गाढव ६२. आणि खाली भेकर: मादी ६, नर ७. मला वाटलं पोरीनं पुढचा आकडा लिहायचा सोडला. विचारलं, तर म्हणाली, "मावशी, बरोबर आहे ते. सस्तन प्राण्यांत इतकी कमी गुणसूत्रं दुसऱ्या कुणालाच नाहीत." आणि मग मी तिची वही तिला परत दिलीच नाही, आणि मग तिचं पुस्तक घेतलं, आणि मग ती झोपायला गेली आणि मी रात्री दोनपर्यंत स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली वाचत बसले, आणि सकाळी नवऱ्याला चहाऐवजी गुणसूत्रं मिळाली!

तर गुणसूत्र म्हणजे काय, ते आधी माझ्या भाषेत सांगते. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएचा प्रचंड लांब धागा असतो. पण तो सलग एक नसतो, तुकड्यांत असतो. हे तुकडे म्हणजे गुणसूत्रं. माणसात ४६, त्यातली २३ आईकडची, २३ वडिलांकडची. इथवर दहावीतही होतं. पण हे नव्हतं सांगितलं हो, की माणसाची गुणसूत्रं ४८ आहेत असं सगळं जग तीसेक वर्षं मानत होतं! पुस्तकांत छापलेलं होतं! १९५६ साली जो हिन जियो आणि अल्बर्ट लेव्हान या दोघांनी नीट मोजून दाखवलं, की ४६ आहेत. १९५६! आपल्याकडे स्वातंत्र्य मिळून नऊ वर्षं झाली होती आणि माणसाला आपली गुणसूत्रं किती हे नुकतं कळत होतं!

आता भेकराकडे. आपलं भेकर! कोयनेच्या, चांदोलीच्या, राधानगरीच्या जंगलातलं. कुत्र्यासारखं भुंकणारं हरीण! लहानसं, तांबूस, नराला छोटी शिंगं आणि वर ओठाबाहेर डोकावणारे सुळे. हे सगळं कमी होतं म्हणून की काय, त्याच्या पेशीत हा चमत्कार. डोरिस वर्स्टर आणि कर्ट बेनिर्श्के या दोन शास्त्रज्ञांनी १९७० साली 'सायन्स' या नियतकालिकात भारतीय भेकराची ही मोजणी जाहीर केली. सुमारे अडीच अब्ज अक्षरांचा डीएनए, म्हणजे आपल्याहून थोडाच कमी, आणि तो मावलाय तीन जोड्यांत! प्रत्येक गुणसूत्र किती अवाढव्य असेल, विचार करा!

आणि नराला सात का? सहा का नाहीत? विषम आकडा कसा? मी यावर अर्धा दिवस घालवला. तर लिंगाशी संबंधित जे एक्स गुणसूत्र, ते भेकरात तिसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं आहे! मादीकडे अशी चिकटलेली दोन. नराकडे चिकटलेलं एक, सुटं तिसरं एक, आणि वाय एक. मोजा: पहिल्याची जोडी, दुसऱ्याची जोडी, आणि ही तीन. सात! मी बोटांवर मोजलं. तीनदा. दर वेळी सात!

पण खरा धक्का पुढेच आहे. चीनमध्ये भेकराचा एक भाऊबंद राहतो, रीव्हजचं भेकर. दिसायला जवळजवळ तसाच. आणखी थोडा लहान, तसेच सुळे, तसाच भुंकतो. त्याला गुणसूत्रं किती?

४६!

सहा आणि सेहेचाळीस! दोघांचे पूर्वज साधारण ५० लाख वर्षांपूर्वी एकच होते. आणि दोघांचा डीएनए शेजारी ठेवून पाहिला, तर तो लांबच्या लांब पट्ट्यांत जुळतो. आपल्या भेकरानं जनुकं फेकून दिलेली नाहीत. त्याच्या वंशात गुणसूत्रं एकमेकांना चिकटत गेली, एकाचं टोक दुसऱ्याच्या टोकाला, असं २६ वेळा! ज्या जागी ती जोडली गेली तिथे जुन्या टोकांचे आणि जुन्या मध्यबिंदूंचे, म्हणजे पेशी विभागताना गुणसूत्र जिथून ओढलं जातं त्या जागांचे, अवशेष अजून सापडतात. सामान तेच. मांडणी निराळी. मला हे वाक्य इतकं आवडलंय की मी ते फ्रीजवर चिकटवलंय.

बरं, मांडणी निराळी, तर बिघडलं कुठे? बिघडतं! चीनमधल्या शास्त्रज्ञांनी १९८० साली या दोघांच्या संकराचा अभ्यास छापला. पिल्लं होतात. जिवंत, धडधाकट! एका बाजूनं तीन लांबलचक गुणसूत्रं, दुसऱ्या बाजूनं तेवीस छोटी, आणि तरी पिल्लू व्यवस्थित वाढतं. पण नर पिल्लू मोठं झालं की त्याच्या शरीरात शुक्राणू बनण्याचं काम मध्येच अडतं. वंश तिथेच थांबतो.

का थांबतो? इथे मला लेझमीची मदत घ्यावी लागली. नाहीतर मला हे सात जन्मांत कळलं नसतं!

गणपतीच्या मिरवणुकीतलं लेझीम आणा डोळ्यांसमोर. दोन रांगा समोरासमोर. एक रांग आईकडची, एक वडिलांकडची. आईकडचा पहिला वडिलांकडच्या पहिल्यासमोर, दुसरा दुसऱ्यासमोर, असा प्रत्येक जनुकासमोर त्याचा जोडीदार. शुक्राणू किंवा अंडं बनताना हेच होतं. गुणसूत्रं जोडीदाराला बिलगतात, काही ठिकाणी समोरासमोरचे गडी आपसांत जागा बदलतात, आणि मग शिट्टी वाजते आणि एक रांग या बाजूला जाते, दुसरी त्या बाजूला. प्रत्येकाच्या वाट्याला पूर्ण संच. आता समजा आईकडच्या दोन रांगांनी हात धरून एक लांब रांग केली. वडिलांकडच्या दोन अजून सुट्याच. तरी जमतं! लांब रांगेसमोर दोन छोट्या उभ्या राहतात. शिट्टी वाजली की लांब इकडे, दोन्ही छोट्या तिकडे. झकास! पण गोंधळात एक छोटी चुकून लांबीबरोबर गेली, तर एका बाजूला काही गडी दुप्पट आणि दुसऱ्या बाजूला नेमके तेच गडी गायब. असलं अंडं, असला शुक्राणू पुढे नीट गर्भ घडवू शकत नाही. एकाच जागी असा घोळ असेल तर निभतं. वीस जागी असेल तर?

आणि निभतं म्हणजे किती निभतं, त्याचा पुरावा आपल्या गोठ्यात आहे हो! आपली पंढरपुरी म्हैस, नागपुरी म्हैस या नदीकाठच्या प्रकारातल्या. त्यांना गुणसूत्रं ५०. चीन आणि आग्नेय आशियाच्या भातशेतीत राबणाऱ्या दलदलीतल्या म्हशीला ४८, कारण तिच्यात दोन जोड्या चिकटून एक झालीय. आणि दोघींच्या संकराला ४९, आणि त्या संकरालाही पिल्लं होतात! मंगोलियातला प्रझेवाल्स्की घोडा ६६, आपला पाळीव घोडा ६४, शिंगरू ६५, आणि तेही वंश चालवतं! मात्र घोडा ६४ आणि गाढव ६२ यांचं खेचर ६३, आणि ते जवळपास नेहमीच वांझ! एकाच जोडीचा फरक इथेही, तिथेही. मग? मग भाची म्हणाली, "मावशी, आकड्यावर जाऊ नकोस. आत किती ठिकाणी मांडणी बदललीय ते बघ." घोडा आणि गाढव यांच्यात आकडा फक्त दोननं वेगळा दिसतो, पण आतल्या रांगा कितीतरी ठिकाणी तोडून, फिरवून, पुन्हा जोडलेल्या आहेत. एवढी शहाणी पोर आमच्या घरात कशी जन्मली!

आता मला रात्री झोपू न देणारा प्रश्न. तुम्हालाही झोपू देणार नाही, म्हणून सांगते. पहिल्यांदा ज्या भेकरात दोन गुणसूत्रं चिकटली, त्याचं काय झालं? बाकी सगळी भेकरं जुन्या मांडणीची. याची एकट्याची नवी. म्हणजे याच्या प्रत्येक लग्नात थोडा घोळ, थोडी पिल्लं कमी. मग ही नवी मांडणी पसरलीच कशी? पहिल्या पिढीतच बुडायला हवी होती! हा प्रश्न मला एकटीलाच पडला असं वाटून मी पाच मिनिटं फार खूश होते. मग कळलं की यावर शास्त्रज्ञांच्या पिढ्या भांडल्या आहेत. ऑस्ट्रेलियात नाकतोड्यांची गुणसूत्रं तपासणाऱ्या एम. जे. डी. व्हाइट यांनी तर १९७८ साली या सगळ्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि प्रजाती फुटण्यात गुणसूत्रांच्या फेरमांडणीचा वाटा फार मोठा आहे असा जोरदार दावा केला.

उत्तरं काय आहेत? एक, गट अगदी लहान असेल, चार डोंगरांमध्ये अडकलेला, आपसांतच लग्नं, तर निव्वळ योगायोगानंसुद्धा नवी मांडणी सगळ्यांत पोचते. दोन, नुसती साधी जोडणी असेल तर नुकसान फारसं नसतंच, म्हशीत पाहिलं तसं. आणि तिसरं उत्तर ऐका, मी खुर्चीतून उठले! मादीत अंडं बनताना गुणसूत्रांचे चार वाटे पडतात आणि त्यातला एकच अंड्यात राहतो, बाकीचे तीन वाया. म्हणजे अंड्यात शिरण्यासाठी शर्यत! आणि काही गुणसूत्रं आपल्या ठेवणीमुळे अंड्यात निम्म्याहून जास्त वेळा शिरतात. उंदरांत हे दिसलंय. प्राण्याला फायदा असो नसो, गुणसूत्र आपला वशिला लावून पुढे जातं! अहो, माणसांत ठीक आहे, पण गुणसूत्रांतही वशिला!

उंदरांवरून आठवलं, मदेरा! पोर्तुगालचं अटलांटिकमधलं बेट. उंच डोंगर, खोल दऱ्या, किनाऱ्याला चिकटलेली गावं. जहाजांतून तिथे साधे घरातले उंदीर पोचले, फार तर हजारभर वर्षांपूर्वी. साध्या उंदराला गुणसूत्रं ४०. जानिस ब्रिटन-डेव्हिडियन आणि सहकाऱ्यांनी २००० साली 'नेचर'मध्ये लिहिलं, की या एवढ्याशा बेटावर उंदरांचे सहा गट आहेत आणि त्यांची गुणसूत्रं २२ ते ३० अशी आहेत! प्रत्येक गटात वेगवेगळी गुणसूत्रं चिकटलेली! हजार वर्षांत! भेकराला लाखो वर्षं लागली असं आपण म्हणतोय, आणि हे उंदीर, ज्ञानेश्वरांच्या काळापासून आजपर्यंत जेवढा काळ गेला साधारण तेवढ्यात, सहा तऱ्हा करून मोकळे! आणि मग लक्षात आलं की इथेच फाटाफुटीचं मूळ आहे. एका दरीत पहिली रांग दुसरीला चिकटली. शेजारच्या दरीत दुसरी तिसरीला. आपापल्या दरीत दोघांचंही सुरळीत. पण यांचं लग्न झालं, की पिल्लाच्या पोटात पहिली-दुसरी समोर दुसरी-तिसरी, आणि त्यांची टोकं आणखी कुणाला धरायला बघतात, आणि मग साखळीच साखळी, आणि शिट्टी वाजल्यावर कोण कुठे जाणार कुणालाच ठाऊक नाही! दोन्ही गट आपापल्या जागी बरोबर. एकत्र आले की चूक.

थांबा, थांबा, पाणी पिऊन येते.

आले! आतापर्यंत आपण चिकटण्याबद्दल बोलत होतो. आता उलटण्याबद्दल! आणि खरं सांगू, मला हे जास्त आवडलंय. गुणसूत्राचा मधलाच एक तुकडा सुटतो, उलटा फिरतो आणि तिथेच पुन्हा बसतो. बस्स. काही गेलं नाही, काही आलं नाही. फक्त मधल्या गड्यांचा क्रम उलटा. हे पहिल्यांदा कुणी ओळखलं, तर आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी, १९२१ साली, फळांवर घोंघावणाऱ्या त्या बारीक माशांच्या दोन प्रजातींची तुलना करताना. आणि हे तेच स्टर्टेव्हंट, ज्यांनी कॉलेजात शिकत असताना एका रात्रीत, अभ्यास बाजूला टाकून, जगातला पहिला जनुकांचा नकाशा काढला होता! अभ्यास बाजूला टाकून! भाचीला हे मी सांगितलेलं नाही.

बरं, उलटा तुकडा असला तर काय होतं? पुन्हा दोन रांगा. एकीच्या मधले गडी उलट्या क्रमानं उभे. समोरासमोर यायचं तर रांगेला वळसा घालावा लागतो, गोल व्हावं लागतं. आणि त्या वळशात कुणी जागा बदलली, तर पुढे जाणाऱ्या रांगेत काही गडी दोनदा येतात आणि काही गायब होतात. तसलं अंडं, तसला शुक्राणू बहुधा फुकट जातो. म्हणजे जे टिकतात ते कोण? ज्यांच्यात त्या तुकड्यातली अदलाबदल झालीच नाही ते! म्हणजे उलटलेला तुकडा पिढ्यान्‌पिढ्या अखंड राहतो! त्यातले शंभर, दोनशे गडी एकमेकांना सोडतच नाहीत!

आणि हे भारी का आहे? कारण एखाद्या जागी जगायचं तर एक गुण पुरत नाही. लवकर फुलायचं, आणि पानं जाड ठेवायची, आणि मुळं अमुक तऱ्हेची हवीत. हे गुण वेगवेगळ्या जनुकांत. दर पिढीत अदलाबदलीत त्यांची ताटातूट होणार. पण ते सगळे एका उलट्या तुकड्यात बसले, तर संच फुटतच नाही! मार्क कर्कपॅट्रिक आणि निक बार्टन यांनी २००६ साली गणित मांडून दाखवलं की एवढ्याच कारणासाठी उलटा तुकडा पसरू शकतो. त्या गणितातलं मला ओ की ठो कळलं नाही. पण निष्कर्ष कळला आणि मी टाळ्या वाजवल्या!

आणि याचा खराखुरा पुरावा? थिओडोसियस डोबझान्स्की! कॅलिफोर्नियातल्या सॅन हासिन्टो डोंगरावर हा माणूस महिनोन्‌महिने माशा पकडत होता. या माशांच्या अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं इतकी राक्षसी असतात, की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरचे पट्टे दिसतात, आणि उलटा तुकडा असला तर तो वळसासुद्धा दिसतो. डोळ्यांना दिसतो! त्या उलटापालटींना नावंसुद्धा काय सुरेख: अ‍ॅरोहेड, पाइक्स पीक, चिरिकाहुआ, ट्री लाइन! आणि डोबझान्स्कींना काय दिसलं, तर मार्च ते जून 'स्टँडर्ड' नावाची मांडणी कमी होत जाते आणि चिरिकाहुआ वाढते, आणि उन्हाळा चढला की पुन्हा उलट! दर वर्षी! आणि मग त्यांनी आणि सिवॉल राइट यांनी माशा पिंजऱ्यात ठेवल्या, आणि मग २५ अंशाला स्टँडर्ड भराभर वाढायला लागली, आणि मग साडेसोळा अंशाला ठेवल्या तर काहीच होईना! उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांचं काम असं मला वाटायचं. इथे ती ऋतूप्रमाणे चाललीय!

याच माशांची एक युरोपी चुलत बहीण आहे. ती १९७८ साली चिलीत सापडली आणि १९८२ साली उत्तर अमेरिकेत. पाहुणी! आणि बघता बघता तिथेही, युरोपात असतं तसंच, उबदार भागात एका मांडणीच्या माशा जास्त, थंड भागात दुसऱ्या. आणि मग २००६ साली शास्त्रज्ञांनी तीन खंडांतली २६ ठिकाणं पुन्हा तपासली. २२ ठिकाणी हवा तापली होती. त्यातल्या २१ ठिकाणी माशांची गुणसूत्रं उबदार प्रदेशातल्या मांडणीकडे सरकली होती. बावीसपैकी एकवीस! हवामानबदलावर आपल्या चर्चा चालल्यात, आणि माशीनं कधीच मांडणी बदलून टाकली!

झाडंसुद्धा यात आहेत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पिवळ्या फुलांचं मिम्युलस नावाचं रोप आहे. समुद्राकाठचं खारट धुक्यात वर्षानुवर्षं जगतं, दणकट होतं, उशिरा फुलतं. आतल्या भागातलं उन्हाळ्यात पाणी आटण्याआधी घाईघाईनं फुलून, बी टाकून एका वर्षात मरतं. डेव्हिड लाउरी आणि जॉन विलिस यांनी २०१० साली दाखवलं, की या दोन स्वभावांमधल्या फरकाचा मोठा भाग आठव्या गुणसूत्रावरच्या एका उलट्या तुकड्यात आहे. त्यांनी संकर करकरून इकडचा तुकडा तिकडे नेला, तिकडचा इकडे आणला, आणि रोपं दोन्हीकडच्या मातीत लावून पाहिली! मला ही चिकाटी बघून माझ्या कुंडीतल्या वाळलेल्या तुळशीची लाज वाटली.

पण माझा सगळ्यात लाडका कोण सांगू? रफ! हा पक्षी हिवाळ्यात आपल्याकडे येतो, उजनीच्या पाण्यावर, भिगवणला! तिथे तो चिखलात फिरणारा साधासा पक्षी दिसतो. पण उत्तरेत, विणीच्या हंगामात, नर मानेभोवती पिसांची भली मोठी कॉलर फुलवून माद्यांसमोर भांडतात. आणि नर तीन तऱ्हेचे! बहुतेकांची कॉलर गडद, ते जागा धरून लढतात. काहींची पांढरी, ते लढवय्यांच्या आजूबाजूला राहून संधी साधतात. आणि शेकड्यात एखादा मादीसारखाच दिसतो, कॉलर नाहीच, गुपचूप शिरतो! दिसणं, वागणं, आकार, सगळं वेगळं. आणि हे सगळं ठरवतो एकच उलटा तुकडा, सुमारे ४५ लाख अक्षरांचा, शंभराहून अधिक जनुकांचा, साधारण ३८ लाख वर्षांपूर्वी उलटलेला! आणि त्याची किंमतसुद्धा आहे हो. तुकडा जिथे तुटला तिथे एक अत्यावश्यक जनुक मोडलं. त्यामुळे उलटा तुकडा आई आणि बाप दोघांकडूनही आला, तर पिल्लू जगतच नाही. एक प्रत म्हणजे तऱ्हेवाईक नवरदेव, दोन प्रती म्हणजे मृत्यू!

आता दोन्ही धागे जोडते, म्हणजे मला जमेल तसे. लॉरेन रीसबर्ग सूर्यफुलांचा अभ्यास करतात. ते आणि मोहम्मद नूर यांचा गट, दोघांनीही २००१ साली वेगवेगळ्या वाटांनी एकच गोष्ट मांडली. दोन प्रजाती नुकत्याच वेगळ्या होतायत, अजून अधूनमधून संकर होतोय. मग त्या पुन्हा मिसळून एक का होत नाहीत? कारण उलट्या तुकड्यांत जनुकांची अदलाबदल थांबलेली असते. बाकी ठिकाणी मिसळा हवं तेवढं, पण या तुकड्यांतले फरक शाबूत राहतात, साठत जातात! म्हणजे मांडणी बदलल्यानं मुलं होणं बंद पडतं, एवढंच नाही. मुलं होत असतानाही ती दोन घराणी वेगळी ठेवते! हे वाचलं तेव्हा मी भाचीला झोपेतून उठवलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण दर वेळी असंच होतं असं नाही, मावशी. कधी मांडणी बदलते म्हणून प्रजाती फुटते, कधी प्रजाती फुटल्यावर सावकाश मांडणी बदलत जाते. प्रत्येक प्राण्याचं वेगळं तपासावं लागतं." आणि कूस बदलून झोपली. भेकराच्या बाबतीत यातलं नेमकं आधी काय झालं, यावर अजून शोध चालूच आहे. म्हणजे बघा, अजून जागा आहे, कुणाच्या घरी प्राणिशास्त्राची पोर असेल तर!

आणि आपण? हात पुढे करा. तुमच्या त्या हाताच्या पेशीत दुसरं गुणसूत्र आहे ना, ते म्हणजे जोडकाम आहे! चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान, सगळ्यांना ४८. आपल्यालाच ४६. त्यांच्यात जी दोन सुटी आहेत ती आपल्या पूर्वजांत टोकाला टोक लावून एक झाली. आणि गुणसूत्राच्या टोकांवर जी खास अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, टीटीएजीजीजी, टीटीएजीजीजी, ती आपल्या दुसऱ्या गुणसूत्राच्या मधोमध आहेत, एकमेकांकडे तोंड करून! शिवाय एक जास्तीचा, आता बंद पडलेला मध्यबिंदू! म्हणजे भेकरात २६ वेळा झालं ते आपल्यात एकदा. आणि चिंपांझी आणि आपल्यात नऊ मोठे तुकडे उलटे आहेत, ते निराळंच. आणि मी सासूबाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मग औषध आपल्याला हवंय म्हण की!"

आणि हे लिहीत होते तर भाचीनं आणखी एक नाव कानात सांगितलं. अ‍ॅटलास ब्लू. मोरोक्को आणि अल्जीरियाच्या डोंगरांतलं निळसर फुलपाखरू. भेकराच्या बरोब्बर उलटा उद्योग. चिकटणं नाही, तुटणं! त्याच्या नातलगांत गुणसूत्रांच्या २४च्या आसपास जोड्या. याच्यात २२९! जोड्या! साधारण ३० लाख वर्षांत एकेका गुणसूत्राचे तुकडेच तुकडे, आणि तरी फुलपाखरू मजेत उडतंय! आणि सगळी गुणसूत्रं तुटली, पण लिंग ठरवणारी तेवढी शाबूत राहिली! तीच का? बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? तीन जोड्यांत भेकर भागवतं, २२९ जोड्यांत हे फुलपाखरू, आणि दोघांचं छान चाललंय, म्हणजे आकड्यात काहीच नाही आणि सगळं आहे ते कोण कुणाशेजारी उभं राहतं यात, आणि मग ते शेजार कोण ठरवतं, आणि मग ते का बदलतं, आणि मग... भाचीची परीक्षा सोमवारी आहे. वही तिला परत द्यावी लागणार. तोवर तुमच्या ओळखीत कुणाकडे प्राणिशास्त्राचं पुस्तक असेल, तर लगेच कळवा!